आत कोण थांबणार, हे मंगलने ठरवलं

"सर्व्हायकल कॅन्सर आहे. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. पण पसरलेला नाही. ऑपरेशनने बरा होण्यासारखा आहे," जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत सांगितलं. रिपोर्ट माझ्या बायकोचा, मंगलचा होता. हा आजार इतके दिवस लपून राहिला, त्यात माझाही हात होता.

ज्यांच्या घरात एखादी बाई असं काही गुपचूप सोसत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आम्ही एरंडोलचे. आमच्याकडे बाई दवाखान्यात एकटी जात नाही, घरातली मोठी बाई सोबत जाते. मंगलला पाळी नसताना रक्त जाऊ लागलं, तेव्हा गावातल्या दवाखान्यात आमच्याबरोबर अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण. आमच्याच घरी असते, सगळ्यांसाठी जीव टाकते.

डॉक्टरांनी विचारलं, "संबंधानंतर रक्त जातं का?"

मंगलने नाही म्हणून मान हलवली. नणंदेसमोर काय सांगणार? खरं काय ते मला माहीत होतं. पण मोठ्या बहिणीसमोर माझंही तोंड उघडलं नाही. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. "आता थांबलंय," म्हणत मंगलने आतली तपासणीही टाळली. लोहाच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. त्यात काही महिने गेले.

रक्त वाढलं तेव्हा जळगाव गाठलं. अक्का सोबत होतीच. लेडी डॉक्टर त्या दिवशी नव्हत्या. जे डॉक्टर होते, ते माझ्याशी किंवा अक्काशी न बोलता थेट मंगलकडे वळले.

"ताई, मॅडम परवा येतील. तोवर थांबायचं असेल तर थांबा. आतली तपासणी आजच करायची असेल तर मी करतो, आणि आमच्या सिस्टर पूर्ण वेळ तुमच्याजवळ उभ्या राहतील. त्यांना शॅपरोन म्हणतात, म्हणजे तपासणीत पेशंटच्या बाजूने हजर असणारी व्यक्ती. घरचं कोणी आत हवं का, ते तुम्ही सांगा."

मंगल खाली बघत म्हणाली, "आजच करा. सिस्टर राहू द्या. घरचं कोणी नको."

"माले परकी समजस का वं तू?" अक्का भडकली.

"अक्का, तुम्ही बाहेर बसा, चहा पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

"चहा पाजून हाकलता का डॉक्टर?"

डॉक्टर हसले, पण दार उघडून उभे राहिले. मलाही उठावं लागलं. नवऱ्यालाही बाहेर काढतात याचा मला राग आला होता, हे कबूल करतो.

आत काय झालं ते मंगलने परतताना बसमध्ये, अक्का पुढच्या सीटवर असताना, हळूच सांगितलं. पडदा ओढला. कंबरेखाली चादर होती, जेवढी लागेल तेवढीच सरकवली. डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगत, मग करत. सिस्टरने तिचा हात धरला होता. तिला जवळ वाकायला सांगून मंगलने तिच्या कानात ती संबंधानंतरच्या रक्ताची गोष्ट सांगितली. मग डॉक्टरांनी बायोप्सी केली, म्हणजे तपासायला मांसाचा बारीक तुकडा घेतला.

"मधे दुखलं तर मी थांबा म्हटलं," मंगल म्हणाली, "आणि ते खरंच थांबले हो. मी बरं म्हणेपर्यंत हात लावला नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या एका 'थांबा'ला मी कितीदा थांबलो, याचा हिशेब मला लागेना.

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या तपासणीतून आजार मागे उरला नसल्याचं कळलं, रेडिएशनही लागलं नाही. आता ठरावीक काळाने दाखवायला जातो. दरवेळी डॉक्टर नव्याने विचारतात, "ताई, आत कोण हवं?" एकदा विचारलं म्हणून कायमचं गृहीत धरत नाहीत. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत.

परवा मंगल आत गेली होती. अक्का माझ्याशेजारी बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती.

"भाऊ, ती सिस्टर मनाजोडे बी थांबी का रे?"

"तुझ्याजवळ? कशासाठी अक्का?" मी विचारलं.

"मनं अंग भाईर येस. कैक वरीस झालात."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, त्याला प्रोलॅप्स म्हणतात. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. कोणासमोर बोलणार होती ती? घरात तिच्याहून मोठी बाई नव्हती, तिच्यासोबत जायला तर मीच होतो.

मी नाव नोंदवायला उठलो.

"आन तू भाईर बसजो," अक्का म्हणाली.

"हो अक्का," मी म्हणालो.