मेथीची जुडी आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात सिग्नल मिळाल्याशिवाय एकही गोष्ट केलेली नाही. जन्माला येतानासुद्धा सुईणीने हाक मारेपर्यंत ते थांबले असणार, असा माझा पक्का समज आहे. भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. नोकरी संपली, पण गार्ड काही अंगातून उतरला नाही. पंगतीत शेजारचे दुसऱ्यांदा भरीत मागायला लागले तरी हे आपले ताठ बसून. कोणीतरी स्पष्ट "करा सुरुवात" म्हणायला हवं. त्यांच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, नवरीने माळ घातली, आणि हे हार हातात धरून भटजींच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी नवरीच हळू आवाजात तिच्या अहिराणीत म्हणाली, "घाला ना आते!" त्या दिवसापासून त्यांचा सिग्नल तिच्या हातात गेला. ती म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साक्रीकडची, बोलायला खणखणीत. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो.

गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, बसून आणि अवेळी शेव-जिलेबी खाऊन साडूंचं अंग असं सुटलं होतं, की दारातून आधी पोट यायचं आणि मागाहून साडू. जळगावात मेहरूणला राहायला आल्यावर डॉक्टरांनी तपासलं, तर साखर वाढलेली, दाब वाढलेला, रक्तात चरबी, आणि कमरेचा घेर तर सगळ्या गल्लीलाच दिसत होता. "ही चौकडी एकत्र आली की तिला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या रक्तवाहिन्या ताठर व्हायला लागल्यात. चाला. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, पुन्हा जोरात. रक्त जोराने वाहू लागलं की वाहिन्यांना सैल व्हायची सवय लागते. पण मध्येच सोडू नका, कमावलेलं सगळं थोड्याच आठवड्यांत जातं." साडूंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "जोरात कधी जायचं ते कोण सांगणार?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी अक्कांकडे.

अक्कांचे गुडघे गेलेले, त्यांना चालणं जमत नव्हतं. तेव्हा सकाळी भाजी घेऊन त्या मेहरूण तलावाकाठच्या बाकावर बसायच्या, आणि साडू बाकापासून लांबच्या कडुनिंबापर्यंत जाऊन परत यायचे. रेल्वेची झेंडी घरगुती कामाला वापरायची नाही, हा साडूंचा बाणा. म्हणून अक्कांनी पिशवीतून मेथीची जुडी काढून वर धरली की जोरात, टोमॅटो दाखवला की हळू. गार्डाला मागे-पुढे दोन्हीकडे लक्ष ठेवायची सवय, त्यामुळे साडू मान मागे वळवून चालत आणि समोरून येणाऱ्या लोकांना धडकत. एकदा अक्कांना धुळ्याची कोणी जुनी मैत्रीण भेटली. गप्पांच्या भरात हात वरच राहिला, हातात मेथी. साडू लाल झाले, घामाने निथळले, पण थांबायचं नाव नाही. अक्कांचं लक्ष गेलं तेव्हा त्या ओरडल्या, "अहो, जीव देतस का? थांबा ना!" साडू धापा टाकत म्हणाले, "सिग्नल हिरवा होता."

हसायला आम्हाला काय जातं! पण वर्षभरात पोट ओसरलं, साखर उतरली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, सोडला, आणि यंत्रावर दाखवलं की हातातली रक्तवाहिनी आता कशी छान उघडते. साडूंनी ही बातमी भुसावळच्या सगळ्या जुन्या सोबत्यांना फोन करून सांगितली. अक्का मागून म्हणाल्या, "त्यासले सांगा, मेथीबी सांगा."

गेल्या पौषात अक्का गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला, आणि आम्ही दवाखान्याच्या बाहेर बसून राहिलो. इतकं मोठं घर एका बाईच्या आवाजावर उभं होतं, हे ती गेल्यावर कळलं.

दिवसकार्य झालं. साडू खुर्चीत बसून राहिले ते बसूनच. दुःख मोठं आहे, म्हणून कोणी काही बोललं नाही. पुढे डॉक्टरांनीच घरी येऊन पुन्हा पट्टा आवळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाहिन्या पुन्हा होत्या तशाच झाल्यात. यांना उठवा, नाहीतर हृदयावर येईल." डॉक्टर गेल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "फिरायला का जात नाही?" साडूंनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. म्हणाले, "दुखवटा कुठं निघालाय अजून?"

आमच्यात बायको गेली की तिच्या भावाने यायचं, टोपी-उपरणं द्यायचं, गोड घास भरवायचा, मग नवऱ्याने उंबरा ओलांडायचा. साक्रीच्या मेहुण्यांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. "मी येसू, मंग काढसू," असं ते फोनवर म्हणाले होते. पाय चिघळला, ऑपरेशन झालं, आणि बाकी सगळे ही गोष्ट साफ विसरले. साडू तेवढे विसरले नव्हते. खरं सांगतो, मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

माझ्या बायकोने कोणाचीच वाट पाहिली नाही. नवी टोपी आणली, शिरा केला. "भाऊ नही तर बहीण शे," म्हणाली, आणि दाजींच्या डोक्यावर स्वतः टोपी ठेवली. मग शिऱ्याचा घास भरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तलावावर घेऊन गेलो.

बाकावर कोणी अनोळखी माणसं शेंगा खात बसली होती. साडू चालायला लागले. सरळ समोर बघत, अगदी सावकाश. कडुनिंबापाशी वळलो तेव्हा मी म्हटलं, "आता परतताना थोडं जोरात. डॉक्टरांनी सांगितलंय."

ते थांबले. कपाळावरची टोपी नीट केली.

"जोरात चाललं की बाक लवकर यायचा," ते म्हणाले. "आता घाई कशाची?"

मी पाऊल आखडलं आणि त्यांच्या बरोबरीने हळूहळू चालत राहिलो.