तळमजल्याची खोली

“तिसरा मजला,” मोहरील साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि मांडवातली कुजबुज थांबली.

चिठ्ठी श्रावण मेश्रामांची होती. ते गांधीबागेच्या कापडबाजारात हमाल होते. कापडाची गाठ पाठीवर पडली, तेव्हापासून कमरेखालचं अंग लुळं. चाकं लावलेल्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी जमीन रेटत ते चौकात जायचे आणि बारदाना शिवायचे. आमच्या नव्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी घरबांधणी योजनेत सोशल वर्कर होते, मोहरील साहेब तिथले अधिकारी. नाल्याकाठच्या झोपडपट्टीतल्या कुटुंबांना पक्क्या खोल्या द्यायच्या होत्या. भाडं हमालाला झेपेल इतकं, बाकीचा भार सरकारवर. खोल्या कमी, कुटुंबं जास्त. म्हणून सोडत. सगळ्यांदेखत चिठ्ठ्या काढायच्या. ज्यांना खोली मिळाली नाही, त्यांची नावं त्याच क्रमानं वेटिंग लिस्टवर.

“वर नेलं तं मी एकदाच खाली येईन, साहेब,” श्रावणभाऊ म्हणाले. त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

तेवढ्यात कौसल्याबाई उठल्या. भाजी विकणाऱ्या, एकट्या बाई. त्यांना तळमजला लागला होता. “माही खोली त्याइले द्या. मी राहीन तिसऱ्यावर.”

“अदलाबदल चालत नाही, बाई.”

“काहून चालत नाई?”

साहेबांनी सांगितलं. आधीच्या एका वसाहतीत दलालांनी अदलाबदलीच्या नावाखाली तळमजले बळकावून दुकानं थाटली होती. तेव्हापासून नियम कडक झाला होता.

“सर, वर विचारून पाहू या का?” मी हळूच म्हटलं.

“सोडतीच्या आधीच विचारलं. अपवाद नाही, असं लिहून आलंय.” साहेब वाईट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता.

जेवणाच्या सुट्टीत कौसल्याबाई माझ्याकडे आल्या. “बाई, मी नाई म्हटलं तं माही खोली कोणाले जाते?”

“वेटिंग लिस्टवर पहिला असेल त्याला.”

“अन् मी?”

“तुम्ही लिस्टच्या शेवटी. आणि नकार एकदाच देता येतो. दुसऱ्यांदा दिला की नाव कटतं.”

त्यांनी मान हलवली आणि मांडवाच्या कडेला गेल्या. वेटिंग लिस्टवाले तिथं बसले होते, सकाळपासून पडलेल्या तोंडांनी. काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. आवाज चढले, एक बाई रडली, मग सगळे गप्प झाले.

सुट्टीनंतर चाव्या वाटायला सुरुवात झाली. श्रावणभाऊंचं नाव आलं. “नाई पायजे,” ते म्हणाले. नाव लिस्टच्या शेवटी गेलं. मग कौसल्याबाई. त्याही नाहीच म्हणाल्या. त्यांचं नाव श्रावणभाऊंच्या खाली.

दोन खोल्या रिकाम्या झाल्या. अशा खोल्या खालून वर द्यायच्या, म्हणजे तळमजला आधी. साहेबांनी वेटिंग लिस्टवरचं पहिलं नाव पुकारलं. म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. “नाई पायजे.” त्यांचं नाव शेवटी गेलं. दुसरं नाव एका मोलकरणीचं. “नाई पायजे.”

“हे काय चाललंय?” साहेब माझ्याकडे वळले.

मला आत्ता कुठं उमगत होतं. पुढचे सगळे नाही म्हणाले, तर पाळी श्रावणभाऊंवर येणार होती. त्यांच्या मागोमाग कौसल्याबाई. एकही नियम मोडत नव्हता. पण हे नाही म्हणणारे कोण होते? सकाळी ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ते. नुसतं हो म्हटलं असतं तर त्यांच्यातल्या दोघांना त्याच दिवशी पक्कं घर मिळालं असतं. आणि प्रत्येकाचा एकुलता एक नकार असा खर्ची पडत होता.

यादोराव रिक्षावाल्याचं नाव आलं. उन्हाळ्यात त्यांची झोपडी जळली होती. तान्हं बाळ घेऊन बायको मागे उभी. साहेबांनी चावी पुढे केली. “यादोराव, नीट विचार करा. पुढची इमारत कधी होईल, मलाही माहीत नाही.”

यादोरावांची नजर चावीवरून हलेना. एक हात अर्धवट पुढे आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“पाहून काय राहिले? सांगा ना साहेबाले,” ती म्हणाली.

काय सांगायचं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

“नाई पायजे, साहेब,” यादोराव म्हणाले आणि हात मागे घेतला.

त्यांच्यानंतरचेही सगळे नाही म्हणाले. मग “श्रावण मेश्राम” असा पुकारा झाला. फळीची चाकं मुरमावरून खरखरत आली. साहेब खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून खाली वाकले आणि चावी हातात दिली. श्रावणभाऊंनी ती दातांत धरली. जमीन रेटायला त्यांना दोन्ही हात लागत. तसेच ते तळमजल्याकडे निघाले. टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांनी फक्त वाट करून दिली. कौसल्याबाईंनी तिसऱ्या मजल्याची चावी कनवटीला लावली. वेटिंग लिस्ट होती तशीच्या तशी उरली.

पुढची इमारत व्हायला बरीच वर्षं गेली. काठीवाले म्हातारे त्याआधीच वारले. यादोरावांना खोली मिळाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर.

साहेबांनी प्रस्ताव पाठवला होता: अपंगांसाठी तळमजले सोडतीआधीच राखून ठेवावेत. उलट विचारणा आली की, या नियमामुळे आजवर किती अपंगांची गैरसोय झाली ते कळवावे. खरं उत्तर ‘एकाचीही नाही’ असं होतं. तेच कळवलं. फाईल बंद झाली.

कोणाची अडचण दुसऱ्यांनी अंगावर घेतली, की ती सरकारी रकान्यात दिसत नाही. पुढच्या प्रत्येक अहवालात मी अंगावर घेणाऱ्यांचीही नावं लिहीत गेले. त्यासाठी रकाना नव्हता. मी ती ‘शेरा’ या जागेत लिहायचे.