साडूभाऊंच्या धामणीचं बँडेज

सापाला माणूस चावला तर धावून जाणारा वर्धा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू होता. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. साडूभाऊ देवळीच्या कचेरीत कारकून होते. कोणाच्या घरी साप निघाला की लोक काठ्या शोधत आणि साडूभाऊ अनवाणी धावत सुटत. सापाला धरण्याआधी ते घरमालकाला धरत. "धामण हाये ते! उंदरं खाते तुमचे! काऊन मारून राह्यले तिले?" सासुरवाडीच्या पंगतीत ते पापड मोडून विषारी दातांची रचना समजावत, त्यामुळे त्यांच्या शेजारच्या चार पानांवर पापड तसाच राही. त्यांचं दुसरं वेड मलमपट्टीचं. बोटाला चरा पडला की बँडेज कोपरापर्यंत. एकदा त्यांच्या ओसरीवर मला ठेच लागली, तर नंतर बायकोने मला ओळखलं ते टोपीवरून.

त्यांच्याकडे पाच हात लांबीची एक धामण होती. लाकडी पेटी, वर पत्र्याचं झाकण. साडूभाऊ पेपर वाचत तेव्हा ती त्यांच्या खांद्यावरून जणू तोच अग्रलेख वाचत असे. आणि एका सकाळी, कचेरीला उशीर झाला म्हणून, या अहिंसक गृहस्थांनी न बघता झाकण दाणकन आपटलं. शेपटीच्या वीतभर वर पत्रा लागला, खवले उचकटले, आत लाल मांस दिसू लागलं. मी गेलो तर ते ओसरीवर पांढरेफटक बसलेले. "बापू, मी मारलं तिले," एवढंच बोलले.

मग सुरू झाला उपचार. बँडेज बांधावं तर धामण त्यातून सुळकन पुढे निघून जाई आणि बँडेज मागे उरे. तीन वेळा असं झाल्यावर साडूभाऊंनी स्वतःच्या सदऱ्याची बाही कापली, धामण तीत ओवली आणि जखम सुकू नये म्हणून बाही पोटॅशच्या जांभळ्या, जंतुनाशक पाण्याने सतत भिजत ठेवली. पुढच्या रविवारी मी गेलो, तर खाटेवरच्या बाहीतून हाताऐवजी तोंड बाहेर आलं. मी घाबरून नमस्कार केला.

पण आठ दिवसांनी बाही काढली तेव्हा थट्टा संपली. घाण वास आला. खवले मऊ पडलेले, पिवळट फोड पोटापर्यंत पसरलेले. धामण खात नव्हती, जीभही क्वचित बाहेर काढत होती. वर्ध्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बैल असता तर पाहिलं असतं. साडूभाऊ पुन्हा बाही भिजवू लागले, तशा ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, पदर नाकाला लावून पुढे आल्या. चार लेकरांची आई. त्या पेटीच्या पाच हात जवळ कधी आल्या नव्हत्या.

"लेकराचं लंगोट दिवसभर ओलं ठेवलं तं काय होते, सांगा बरं?"

"अवो, हा साप हाये. लेकरू नोहे."

"कातडं तं कातडंच हाये न! फेका ते बाही!"

राज्य बदललं. पेटीतलं ओलं गवत गेलं, कोरडे पेपर आले, तेही दिवसातून दोनदा बदलायचे. पेटीबाहेर एका बाजूला गोणपाटात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. सकाळी एकदा, कोऱ्या चहासारखं फिकं होईल इतपत पाणी घातलेलं टिंचर हलक्या हाताने लावायचं आणि मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. बाकी दिवसभर हात लावायचा नाही. साडूभाऊंना ही शिक्षा फाशीहून कठीण! ते अक्षरशः स्वतःच्या हातांवर बसून राहत.

फोड सुकायला लागले, आणि एका दुपारी साडूभाऊंची किंकाळी ऐकू आली. धामणीचे डोळे दुधाळ, निळसर झाले होते. "टिंचर डोळ्यात गेलं! आंधळी झाली, बापू!" त्यांनी मुलांच्या डोळ्यांचं औषध आणलं, थेंब नळीच्या टोकाला लोंबू लागला. ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

मी म्हणालो, "साडूभाऊ, कात टाकण्याआधी डोळे असेच होतात. हे तुम्हीच पंगतीत शंभर वेळा सांगितलंय!"

"ते दुसऱ्याच्या सापाचं होतं!" साडूभाऊ ओरडले.

थेंब जमिनीवर पडला. चार-पाच दिवसांनी डोळे निवळले आणि कात तोंडापासून सुटू लागली. मोज्यासारखी उलटत जखमेपर्यंत आली आणि तिथे अडकली. साडूभाऊंची बोटं पुढे सरकली.

"हात मांगं घ्या," ताई हळूच म्हणाल्या. "उपटलं तं नवं कातडंही येईन संगं."

त्यांनी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल घडी करून ठेवला. धामण एका बाजूने आत शिरली. टॉवेलातला उंचवटा सरकत सरकत मधोमध थांबला. आम्ही तिघं थांबलो. साडूभाऊ पुन्हा स्वतःच्या हातांवर बसले, ताईंनी डोळे मिटले. मी मात्र निर्लज्जपणे पाहत होतो. मग दुसऱ्या टोकाने तोंड निघालं, मागून अंग, आणि शेवटी ती जागा: वाकड्या, फिकट खवल्यांची, पण कोरडी आणि मिटलेली. कात टॉवेलात राहिली.

आठवड्याने तिने उंदीर खाल्ला, आणि साडूभाऊ तिला शेतात सोडायला निघाले. ताईच म्हणाल्या, "राहू द्या न आता. सवय झाली मले."

"नाई. माह्या हातून लागलं तिले."

बांधावर त्यांनी तिला खाली ठेवलं. ती क्षणभर थबकली आणि पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, शिरली. मग एकदाही थांबली नाही. साडूभाऊ वाकलेलेच राहिले, हात तसाच पुढे.

"पाह्य बापू," ते पऱ्हाटीकडे पाहत म्हणाले, "मांगं वळूनसुद्धा पाह्यलं नाई. म्हंजे बरी झाली."

ताईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.