आपोलीनचा पालथा पाव

माझ्या कोपराला अक्कल नाही, असं आमची ही लग्नापासून सांगत आली आहे. त्या शनिवारी त्या कोपराने पावांची अख्खी फळी आडवी केली. पाव गोळा करून मी घाईघाईने गिऱ्हाइकांच्या टोपल्या भरल्या, आणि त्या गोंधळात जल्लादाचा पाव नोटरीच्या बायकोच्या, मादाम व्हेर्दिएच्या टोपलीत गेला. तोही पालथा.

आमच्या गावात जल्लादाचा पाव फळीवर पालथा ठेवतात. चुकून दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायला नको, म्हणून. तो न्यायला जल्लाद गास्पारची लहानगी आपोलीन यायची आणि दुकान रिकामं होईपर्यंत दाराबाहेर थांबायची. तिला आई नव्हती, मैत्रीण कुठून असणार? पाव मुद्दाम वेगळा ठेवतात म्हणजे आपण पाववाल्या काकांच्या लाडक्या, अशी तिची पक्की समजूत होती. ती मी मोडली नाही. एक तर ती अगदीच खोटी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझी छाती झाली नाही.

तर आपला पाव भलत्याच टोपलीतून चाललेला पाहून पोरगी मागे धावली. बाईंची बाही धरून हसत म्हणाली, "बाई, तो माझा आहे. बघा ना, पालथा आहे. काका फक्त माझाच तसा ठेवतात."

मादामनी बाही हिसकली. "लाडाने नाही ठेवत, कार्टे. तुझा बाप माणसं लटकवतो. तुझ्या पावाला कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही."

पाव गटारात गेला. बाईंनी घरी जाऊन त्या बाहीचा झगाही जाळला म्हणे. चौकातल्या कुत्र्याने तो पाव तिथल्या तिथे फस्त केला, पण हे मादामना कळवायला कुणी गेलं नाही. याच मादाम फाशीच्या दिवशी सकाळपासून पुढची जागा धरून बसतात. तसं मीही काय बोलावं? त्या दिवशी माझे पाव दुप्पट खपतात.

आपोलीन त्यानंतरही यायची, पण हसायची नाही. खिडकीत पैसे ठेवायची, पाव उचलायची, जायची. मोठी झाल्यावर तिचं लग्न शेजारच्या गावातल्या जल्लादाच्या मुलाशी लागलं. दुसरं कोण करून घेणार होतं? तो तापाने गेला, आणि ती म्हाताऱ्या बापाकडे परत आली.

मग पॅरिसहून फर्मान आलं की आता सगळे नागरिक सारखे, जल्लादसुद्धा. मला भारीच उमाळा आला. मी तिचा पाव सुलटा करून बाकीच्यांत ठेवला आणि भर गर्दीत तिला आत बोलावलं. गर्दीत मादामही होत्या. त्यांनी जागा करून दिली, म्हणजे दोन पावलं मागे सरल्या.

"आपोलीन, आजपासून तुझाही पाव सुलटा. ये, सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहा."

तिने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे.

"नको काका, माझा पालथाच द्या, सुलट्यांना यांचे हात लागलेत."