परवानगी बाबांचीच लागेल

आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा बाबा सगळ्यात जास्त कशावर खूश झाले असतील, तर गेटच्या ॲपवर. लालबागला त्याच जागेवर, सतराव्या मजल्यावर, चाळीतल्या खोलीच्या दुप्पट घर मिळालं, त्याचं कौतुक आईला. बाबांना कौतुक याचं, की खाली कुणी आलं की वॉचमन टॅबवर नाव-नंबर टाकतो, बाबांच्या मोबाइलवर रिंग येते आणि ती वाजत असतानाच तो पाहुण्याचा फोटो काढून पाठवतो. हिरवं बटण दाबलं की पाहुण्याला लिफ्टचा कोड मिळतो, तांबडं दाबलं की पाहुणा आल्या पावली परत. तांबडं त्यांनी कधी दाबलं नाही. जन्म कारकुनीत गेला, मंजुरी नेहमी वरच्या साहेबाची. आता ते स्वतः साहेब झाले होते. मंडईत भेंडी निवडता निवडता एका हाताने मंजुरी द्यायचे आणि भाजीवालीलाही सांगायचे, पाहुणे आलेत म्हणून.

मी लग्न होऊन दादरला राहते, आठवड्यातून एकदा यायचे आणि दरवेळी त्यांच्याशी भांडायचे. "बाबा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोटो, नंबर कुठल्या कंपनीकडे जातो, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

"जाऊ दे गं," बाबा म्हणायचे. "आपल्याकडे येणाऱ्यांत कोण एवढा लागून गेलाय?"

आईचा नंबर ॲपमध्ये घाला, असंही मी सांगितलं होतं. तिला कशाला डोक्याला ताप, म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. साहेबाच्या खुर्चीत त्यांना वाटेकरी नको होता.

गेल्या वर्षी बाबा गेले. ताप आला, हॉस्पिटलात नेलं आणि बघता बघता सगळं संपलं. मी आईजवळ राहायला आले. हॉलमध्ये दिव्याशेजारी मीच त्यांचा चष्मा आणि फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, आत्या आणि मी अशा तिघी बसलेल्या असताना तो फोन वाजला. स्क्रीनवर चाळीतल्या एका जुन्या शेजारणीचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, या व्यक्तीला प्रवेश द्यायचा का?

"उचल की," आई म्हणाली.

मी तो हातात घेतला. पण फोन उघडत होता बाबांच्या अंगठ्याने. त्याचा आकड्यांचा कोड आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. रिंग वाजून वाजून बंद झाली. मी धावत खाली गेले, तर ती बिचारी डबा हातात धरून गेटाशी उभी. वॉचमन माझ्यापेक्षाही कानकोंडा झालेला. "मॅडम, अप्रूवल नहीं आया तो लिफ्ट का कोड ही नहीं बनता."

इंटरकॉम होता म्हणायला. बिल्डरने मोठ्या हौसेने प्रत्येक घरात बसवला आणि वर्षभरात तो मुका झाला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडून बघितलं आणि सांगितलं, मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाहीत, अख्ख्या टॉवरची सिस्टीम बदलावी लागेल. चाळीत आमचा इंटरकॉम म्हणजे खालून मारलेली हाक. तिचे पार्ट आमच्या गळ्यातच होते.

मग मी ॲपच्या हेल्पलाइनला फोन केला. माझा नंबर घाला, एवढंच माझं म्हणणं. नवीन सदस्य जोडायचा असेल तर मूळ सदस्याने आपल्या मोबाइलवरून परवानगी द्यावी लागते, असं उत्तर आलं. मूळ सदस्य वारले, म्हटलं. पलीकडची मुलगी फार गोड आवाजाची होती. "सो सॉरी, मॅम. पण प्रायव्हसीसाठी आम्ही फक्त रजिस्टर्ड सदस्याशीच बोलू शकतो. तुमच्या वडिलांशी बोलणं होऊ शकेल का?"

"मलाही बोलायचंय त्यांच्याशी," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सिम काढून दुसऱ्या फोनात घालावं, तर त्या फोनाला सिमच नव्हतं. ते आता फोनाच्या आतच असतं म्हणे, दिसत नाही. ते दुसरीकडे घ्यायला मृत्यूचा दाखला लागणार होता. आमचे सेक्रेटरी भला माणूस. त्यांनीही ॲपवाल्यांकडे तक्रार नोंदवली, तर तिथेही दाखला मागितला.

तोवर मीच लिफ्टमन झाले. खाली जायला काही लागत नाही, वर यायला कार्ड लागतं. बाबांचं कार्ड हॉस्पिटलच्या गडबडीत हरवलं होतं, राहिलं एकच. फोन वाजला की मी ते घेऊन पळायचे आणि माणसं वर आणायचे. आईचं सगळं लक्ष त्या फोनकडे. तिचं म्हणणं एकच होतं. "ह्यांच्यासाठी आलेलं माणूस दारातून परत जाता कामा नये. बाकी काय वाटेल ते होऊ दे." चाळीतल्या आमच्या खोलीचं दार झोपण्यापुरतं लागायचं. उंबऱ्यापर्यंत आलेला माणूस पाणी न घेता गेला तर ती आठवडाभर बोलून दाखवायची.

आणि नेमकं तेच झालं. दाखल्यासाठी मी वॉर्ड ऑफिसात गेले होते, कार्ड माझ्या पर्समध्ये. परत आले तर वॉचमनने मला थांबवलं. "एक बुजुर्ग अंकल आए थे, सफेद टोपीवाले. रिंग जा रही थी. मैंने फोटो के लिए टैब उठाया, तो मुंह फेर लिया और निकल गए."

आईला वर जाऊन सांगितलं. सफेद टोपी म्हटल्याबरोबर ती ओळखून चुकली. घोडपदेवचे भावोजी. बाबांचे शाळेपासूनचे मित्र. सगळी नोकरी पोस्टमन म्हणून काढलेली, आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टींबाबत भलते कडक. पोस्टकार्ड उघडं असतं, तरी ते वाचायचं नसतं, असं मला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. अशा माणसाने गेटावर फोटो काढू दिला नाही, यात आम्हाला नवल वाटलं नाही. माझ्या मनात तर आलं, ॲपवाल्यांची बरी जिरवली.

आई मात्र रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. "स्मशानात शेवटपर्यंत उभे होते ते," म्हणाली. "आणि आपल्या दारातून परत गेले." त्यांना फोन करावा, तर गेटावर दिलेला नंबर वॉचमनला टॅबवर पुन्हा दिसत नाही, आणि आमच्याकडचा बाबांच्या फोनमध्ये. पत्ता घोडपदेव, एवढाच माहीत. तिथे कुठल्या चाळीत, ते बाबांनाच ठाऊक.

आई उठली, पदर सारखा केला आणि तिने चपला घातल्या.

"अगं, दहा दिवस व्हायचेत अजून," आत्या म्हणाली. "घराबाहेर कुठे निघालीस?"

"बाहेर नाही. दारात," आई म्हणाली. "ह्या घराचं दार खाली आहे ना आता? मग मी तिथेच बसणार."

ती खाली गेली आणि वॉचमनच्या टेबलाशेजारी उभी राहिली. त्याने चटकन स्वतःची खुर्ची पुढे केली. मी तोंडात मारल्यासारखी तिच्या मागे. लोक काय म्हणतील, हा विचार पहिला आला, खोटं कशाला बोलू? पण सेक्रेटरी आले, बघितलं, आणि उत्सवाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढायला लावल्या.

रोज संध्याकाळी आई तिथे बसायला लागली. वर दोघं-तिघं यायची, दबक्या आवाजात बोलायची आणि निघायची. खाली माणसं बसली. टॉवरमधल्या घराऐवजी पैसे घेऊन बदलापूरला गेलेली, वरळीला मुलाकडे राहणारी, आमच्या जुन्या मजल्यावरची सगळी. त्यांना एकमेकांनाही भेटायचं होतं. बिल्डरने बाहेरच्यांना विकलेल्या मजल्यांवरची, कधी न हसणारी मंडळी लिफ्टकडे जाता जाता थांबली. एका बाईंनी चहाचा थर्मास आणून ठेवला, आणि मग तो रोजच यायला लागला. पिठलं-भाताचे एवढे डबे आले, की वॉचमनही आमच्याबरोबर जेवला. बाबांच्या गोष्टी निघाल्या. आई एकदा हसलीसुद्धा, आणि हसली म्हणून कुणी तिच्याकडे वळून बघितलं नाही. त्या माणसांचे मी किती आभार मानू? मी त्यांच्यातल्या कित्येकांना पूर्वी चौकस म्हणून नावं ठेवली होती. आज त्यांच्यापैकी कुणीही माझ्या दारात येऊन मला वाटेल ते विचारावं.

प्रत्येकाला आई एकच निरोप सांगायची, घोडपदेवला कुणी ओळखीचं असेल तर भावोजींना कळवा, मी खालीच बसलेय. तो निरोप कुणाकडून कुणाकडे गेला, मला माहीत नाही. दरम्यान दाखला मिळाला, आणि एके दिवशी दुपारी सेक्रेटरींनी सांगितलं की उद्यापासून रिंग आईच्या मोबाइलवर येईल.

त्याच संध्याकाळी भावोजी आले. टोपी हातात घेऊन आईसमोर बसले. आईने पहिल्यांदा तेच काढलं. "फोटोचं तुम्हाला आवडलं नसणार, भावोजी. आमचं चुकलं. पण असं परत जायचं?"

"फोटो?" ते म्हणाले. "फोटोचं काय घेऊन बसलात, वहिनी? काढेना का फोटो." टोपी त्यांनी मांडीवर ठेवली. "वॉचमन म्हणाला, साहेबांच्या मोबाइलवर रिंग जातेय. मी आपला थांबलो. सगळं माहीत असून थांबलो. वाटलं, आता उचलेल. उचललाच नाही. मग मला तिथे उभं राहवेना."

मी त्या ॲपला इतके दिवस मनापासून शिव्या घालत होते. आईकडे बघितलं आणि मला कळलं, की फोन वाजला की तीही याच आशेने बघत होती. गेटावर नाव-नंबर देऊन ताटकळलेल्या प्रत्येक माणसाने तिला ते दोन क्षण दिले होते. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

आईने डोळे पुसले. "उद्यापासून रिंग माझ्या फोनवर येणार आहे, भावोजी," ती म्हणाली. "मला चष्मा शोधायला वेळ लागतो. तुम्ही थांबायचं. मी उचलणार आहे."