रश्श्याची बादली आणि मुलीचा बाप

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, मला माहीत आहे. पण निदान तोंडातला चहा आधी गिळा, नाहीतर ठसका लागेल. मोठेपणा मिळवायला माणूस काय काय करतो? कोणी गाडी घेतो, कोणी फेटा बांधून मिरवतो. मी नम्र व्हायला गेलो!

त्याचं असं झालं. आमच्या रूथला कुरुंदवाडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घराणं देवभीरू, आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. अडलं होतं फक्त मुलाच्या वडिलांच्या होकारावर. त्यांनी निरोप धाडला, "घर मागनं बघू. आदी तुमच्या चर्चला कापणीच्या सणाला येतो. माणूस मंडळीत कसा वागतो ते बघिटलं की घर कळतं."

रूथनं त्या दिवसापासून जेवण निम्मं केलं. बापाच्या जिवाला काय वाटत असेल, सांगा.

आता मी म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस. चर्चमध्ये सगळे मला 'साहेब' म्हणतात. पुढचा बाक माझा, पंगतीत पाळकसाहेबांच्या शेजारची जागा माझी. पावण्यांनी हे बघितलं की छाप पडलीच. पण आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी दाखला सांगितला तो प्रभूचा. मेजवानीला गेलास तर मानाच्या जागी बसू नकोस, शेवटी बस. म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस, आणि सगळ्यांदेखत तुझा मान होईल.

सगळी मंडळी मान खाली घालून नम्रतेचा विचार करत होती. मी फक्त 'सगळ्यांदेखत' एवढाच शब्द ऐकला.

घरी येऊन बायकोला, सुशीलाला, बेत सांगितला. "मी बसणार पार शेवटी. पाळकसाहेब येणार, हाताला धरून मला वर नेणार. पावणं म्हणतील, केवढा मान ह्या माणसाला, आणि केवढा साधा!"

"पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय का, बोलवायला या म्हणून?"

"असं सांगायचं असतं व्हय? नम्रता हाय ती."

"मग बसा की," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पोळ्या लाटायला लागली. तिचे खांदे का हलत होते, ते मला नंतर कळलं.

सणाच्या दिवशी वेदीपुढं ऊस, भोपळे, भुईमुगाच्या शेंगा यांची रास लागली होती. उपासना संपली आणि मंडळी आवारातल्या मांडवात पंगतीला बसली. नम्र माणसाला कोट शोभत नाही म्हणून मी तो काढून सुशीलाकडं दिला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शेवटच्या टोकाला, मटणाच्या पातेल्यांना चिकटून बसलो.

आता ऐका. आमच्या चर्चचा एक रिवाज आहे. पंगतीच्या शेवटाला बसलेली माणसं प्रार्थना झाली की उठतात आणि वाढायला लागतात. ती जेवतात सगळ्यांच्या मागून. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला नव्हतं. कारण इतक्या वर्षांत मी शेवटी कधी बसलोच नव्हतो!

प्रार्थना झाली. सगळे 'आमेन' म्हणाले. पाळकसाहेबांना सोयीचं जावं म्हणून मी आणखी थोडा वेळ डोळे मिटूनच बसलो. खांद्यावर हात पडला. आले, म्हटलं. डोळे उघडले तर समोर तांबड्या रश्श्याची बादली, आणि बादलीमागं आमच्या चर्चचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या मार्थामावशी.

"सायेब, यंदा तुमीबी? लई बरं झालं बगा. धरा. त्या टोकाकडनं सुरवात करा."

नाही म्हणावं तर नम्रता जाते, हो म्हणावं तर शर्ट. मी बादली धरली.

दहा ताटं होईपर्यंत शर्ट गेला. कोपरापर्यंत रस्सा, खांद्यावर मावशींनी टाकलेला टॉवेल. पण एक गंमत झाली. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणारा एक म्हातारा, ज्याच्याशी मी कधी दोन शब्द बोललो नव्हतो, वर बघून म्हणाला, "घाला सायेब. आज तुमच्या हातचं खातो." का कोण जाणे, मला एकदम बरं वाटलं. मग मी आग्रहच करत सुटलो.

असा वाढत वाढत पोचलो पाळकसाहेबांपाशी. बघतो तर माझी नेहमीची जागा रिकामी राहिली म्हणून त्यांनी तिथं ऐन पंगतीला पोचलेल्या पावण्यांनाच बसवलेलं! भरघोस मिशा, आजवर फक्त फोटोत बघितलेल्या. पाळकसाहेब तेवढ्यात मीठ मागायला उठून गेले होते. पावण्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"दादा, घाला की वाईच. वरचा लाल कट येऊ द्या."

मी कट घातला. ओळख कशी देणार? 'नमस्कार, मी मुलीचा बाप' असं म्हणायचं तर माणूस निदान एका रंगाचा तरी हवा. ठरवलं, आता गप पुढं सरकायचं, हात धुऊन कोट घालून नव्यानं भेटायचं.

"थांबा की," पावण्यांनी मला थोपवलं आणि आवाज खाली आणला. "तुमी हितलंच दिसताय. त्या मॅनेजरसायबाचं घर कसं हाय वो? पोरगी करायची हाय आमाला."

घ्या! माझ्याबद्दल मत विचारायला माणूस आला, आणि तोही थेट माझ्याकडंच. 'लई मोठा माणूस, सगळ्या चर्चचा आधार' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. समोरच्या पंगतीत रूथ पाणी वाढत होती. इतक्या साध्या मनानं बोलणाऱ्या माणसाला, तेही लेकीच्या होणाऱ्या सासऱ्याला, पहिलाच शब्द खोटा सांगायचा? माझ्यानं होईना.

"पोरगी सोन्यासारखी हाय," मी म्हणालो. "आई तर घराचा खांब."

"आन बाप?"

"वाईट न्हाय. पण मोठेपणाची लई हौस. कायम पुढं बसतो. आज पयल्यांदा मागं बसला, ते बी कोणतरी वर बोलवंल म्हणून."

पावणे मिशीत हसले. "मग पोरगी कुणावर गेलीया?"

"आईवर. पुरती आईवर."

एवढ्यात पाळकसाहेब मीठ घेऊन आले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो साहेब, तुम्ही वाढताय? या, असे वर या! पावणं, हेच की आपल्या रूथचे वडील."

झाला. सगळ्यांदेखत मान झाला. हातात बादली, अंगावर रस्सा, आणि अख्खी मंडळी बघतेय. पावण्यांचा घास हातातच राहिला. रूथ तांब्या धरून जागीच थांबली.  म्हटलं, संपलं, पोरीचं वाटोळं केलं मी.

पावणे उठले. डाव्या हातानं त्यांनी माझ्याकडची बादली काढून घेतली.

"बसा सायेब, माझ्या जागंवर. आता व्याही वाढंल."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा सुशीला पदरानं डोळे पुसत होती, मार्थामावशी टाळ्या वाजवत होत्या, आणि रूथनं सगळं पाणी एकाच ग्लासात ओतलं होतं. कुरुंदवाडचा पावणा आमच्या पंगतीत रस्सा वाढत फिरला. मी काय जेवलो ते आठवत नाही, पण त्या दिवसासारखं जेवण पुन्हा झालं नाही.

गप्प बसलो असतो तर शोभलं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. हात धुताना मी हळूच विचारलं, "व्याही, खरं सांगा. माझा एवढा नम्रपणा बघूनच होकार दिलात ना?"

"छ्या वो," व्याही मिशी पुसत म्हणाले. "पोरगी बापावर गेली न्हाय म्हणालात, तितंच माझं ठरलं."