कोपरा आधी कोण घेतो?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लूमच्या खाली तुटक्या धाग्यांची गुंतवळ साचते, तसे ते साचतात. रोज कोणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस वाकून बघावं, तर पोतंभर निघते!

मी चौथीपर्यंत शिकलो आणि चाळीस वर्षं लूम चालवला. आता संध्याकाळी सुरतच्या गोडादऱ्यात कबड्डीच्या मैदानाकडेला बसतो. बोलणं मला हळू जमतं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत बाकीचे दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. म्हणून ऐकलेलं, पाहिलेलं सगळं आतच राहिलं. त्यातलं बरंचसं हिरामणचं आहे.

हिरामण म्हणजे आमचा कोपऱ्याचा गडी. चढाई करणारा गडी कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्यांच्या अंगणात जातो, हात लावून पळतो, आणि लोक त्याच्या नावाने ओरडतात. त्याचा घोटा धरून जो आडवा होतो, तो कोपरा. मग बाकीचे सगळे त्या दोघांवर पडतात. ढिगाऱ्यात सगळ्यात खाली कोण आहे, हे बाहेरून दिसत नाही.

तो हिरामण असतो.

*

पूर्वी आम्ही गडी वाटायचो ते गावाकडच्या रीतीने. बरोबरीच्या दोघांनी जोडी करायची, खांद्यावर हात टाकून लांब जायचं, गुपचूप खोटी नावं ठरवायची आणि परत येऊन एकाने एक, दुसऱ्याने दुसरं नाव घेत कप्तानाला विचारायचं, "आंबा घेतो का चिंच?" कप्तान मागेल तो त्याचा, उरेल तो दुसऱ्या बाजूचा.

हिरामण आणि विलास पारोळ्याकडच्या एकाच गावचे. सुरतला एकाच गाडीने आले, एकाच खोलीत राहिले. जोडीही त्यांचीच. विलास चढाईचा, अंगाने वेताच्या छडीसारखा. आमचे तेव्हाचे कप्तान झुलाल अण्णा. नावं काहीही ठेवा, अण्णा दरवेळी बरोबर विलासलाच उचलायचे.

मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला कळतं कसं?"

"सोपं आहे. विचारताना विलास माझ्याकडे बघतो. हिरामण जमिनीकडे बघतो. विलास जे नाव घेतो, ते सोडून दुसरं मागायचं. हे दोघं एकमेकांचं नाव सांगतात!"

हिरामणला हे सांगितलं, तर तो अहिराणीत म्हणाला, "माले आंबा म्हना नईतं कारलं म्हना, अण्णा. उरस तो मीच शे."

सगळे हसले. विलास हसला नाही. हे मी तेव्हाच पाहिलं होतं.

*

मग मैदानावर शेठ लोक आले. चार मिलचे चार संघ झाले. मातीवर मॅट आली. आंबा-चिंच गेलं आणि पाळीपाळीने गडी निवडायची पद्धत आली. सगळे गडी समोर बसणार, संघाचा माणूस माईकवर नाव घेणार. पहिल्या पाळीत ज्याचं नाव येईल, त्याला त्या मिलमध्ये पक्की नोकरी. नंतरच्या पाळ्यांना टी-शर्ट आणि नाश्ता.

हिरामण पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर होता. ठेकेदाराकडून. ठेकेदाराचा माणूस म्हणजे काय, ते सुरतेत राहणाऱ्याला सांगायला नको. आज आहे, आणि उद्यापासून येऊ नको म्हटलं की नाही. त्यामुळे पहिली पाळी त्याला हवी होती. तोंडाने कधी बोलला नाही. पण निवडीच्या दिवशी दाढी करून यायचा.

आमचा संघ त्याच मिलचा झाला. तिच्या शेठने पहिल्या वर्षी अण्णांना विचारलं, "आमां बॅट्समन कोण?"

शेठला खेळ म्हणजे क्रिकेटच माहीत. अण्णांनी चढाईवाल्यांकडे बोट दाखवलं.

"तो बधा बॅट्समन ज लई लो ने!"

घेतले. सातही चढाईवाले. पहिल्याच सामन्यात समोरचा गडी आत आला आणि आमचे सातही जण मागे सरकले. घोटा कोणी धरायचा, म्हणून एकमेकांकडे बघत राहिले. तो पाहुण्यासारखा सगळ्यांना हात लावून परत गेला!

अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "सात नवरदेव आणले. वरातीत चालायला कोणी नाही!"

शेठ वैतागले. "पकडवावाळो कोई राख्यो ज नथी?"

"शेठ, तुम्ही घेतलाच नाही."

"तो छेल्ले कोईने लई लेजो ने!"

तेव्हा सामन्यानंतर एक जादा, शेवटची पाळी काढून हिरामणला घेतलं. विलास पहिल्या पाळीतला. त्याला गेटवर बसायचं काम मिळालं. पक्कं. हिरामण त्याच गेटमधून रोज आत जायचा आणि विलास वहीत त्याचा नंबर लिहायचा. नाव नाही. ठेकेदाराच्या माणसांचा नंबर असतो.

*

दुसऱ्या वर्षी सामन्यांचा मोठा फ्लेक्स लागला, लिंबायतच्या रस्त्यावर. त्यावर हिरामणने पकडलेला एक चढाईवाला होता. पडतानासुद्धा देखणा दिसत होता. फ्लेक्सवाल्याने फोटो वरून बसवत आणला आणि खाली जागा संपली. हिरामणचे फक्त दोन हात आले.

हिरामणची बायको सुनंदा भाजी घेऊन येताना तिथे थांबली. बरोबरच्या बायकांना म्हणाली, "हे आमचे."

"कुठे गं?"

"हा हात. करंगळी वाकडी आहे, बघ ना."

"आणि तोंड?"

"तोंड घरी आहे. बघायला या!"

हे तिने हसत सांगितलं म्हणतात. पण फ्लेक्स उतरेपर्यंत ती भाजीला दुसऱ्या रस्त्याने जायची.

*

तिसऱ्या वर्षी एका सामन्यात विलासचा घोटा मुरगळला. त्याच सामन्यात हिरामणची दोन बोटं मोडली. शेठने ताबडतोब आपली मोटार दिली. विलासला मागच्या सीटवर आडवं केलं. पाय वर धरून ठेवायला कोणीतरी हवं होतं.

मिलचा मॅनेजर म्हणाला, "हिरामण, तू बस. तुला लोकांचे पाय धरायची सवय आहेच!"

हिरामण बसला. दवाखान्यापर्यंत मोडक्या बोटांनी त्याने तो पाय धरला. मी पुढच्या सीटवर होतो. आरशात दोघं दिसत होते. विलास डोळे मिटून रडत होता. सगळ्यांना वाटलं, घोट्यामुळे.

डॉक्टरने विलासला तपासलं. मग हिरामणचा हात पाहून विचारलं, "हे काय, मशीनमध्ये गेला का?"

"नाही, कबड्डीत."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"मला कोणी विचारलं नाही, साहेब."

*

विलास वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मैदानावर त्याला शिव्या देणारे खूप आहेत. पुढच्या निवडीआधी तो शेठच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला होता. बरोबर मला नेलं होतं, म्हातारा माणूस असला की शेठ लोक ओरडत नाहीत म्हणून.

विलास म्हणाला, "शेठ, ह्या वर्षी पहिल्या पाळीत हिरामणला घ्या. तो मागे असतो म्हणून मी पुढे जातो. तो नसला तर मी मारलेले गुण राहत नाहीत."

शेठ रागावले नाहीत. समजावून सांगावं तसं म्हणाले, "अरे, एने पहेला बीजो कोण लेवानो छे?"

म्हणजे, त्याला आधी दुसरं कोण घेणार आहे? आणि ते खरंच होतं. चारही संघ पहिल्या पाळीला चढाईवाला उचलायचे. हिरामण शेवटच्या पाळीपर्यंत तिथेच बसलेला असायचा. जो शेवटी मिळतोच, त्याच्यावर पहिली पाळी का घालवायची?

मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. हिशोबात कुठेही चूक नव्हती.

अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पायातली चप्पल हरवेपर्यंत तिला कोण विचारतं?"

त्या वर्षीही चढाईवालाच घेतला. आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. शेठ म्हणाले, पुढच्या वर्षी याहून चांगला चढाईवाला बघू!

*

हा किस्सा यंदाचा.

विलासचा घोटा पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. शेठने त्याला खेळातून काढून संघाचा कप्तान केलं आणि गडी निवडायचा माईक त्याच्या हातात दिला. विलासने आदल्या दिवशी शेठला आणि मॅनेजरला स्वच्छ सांगितलं, "मी पहिलं नाव हिरामणचं घेणार." शेठ म्हणाले, "तारी मरजी." मॅनेजर शिफ्टची वही चाळत होता.

हिरामणला हे कोणी सांगितलं नव्हतं. विलासची तशी इच्छा होती.

निवड रविवारी सकाळी होती. मला स्टेजवर खुर्ची दिली होती. पाळ्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि नियमाचं कोणी विचारलं तर सांगायचं, एवढंच माझं काम. भांडण झालं की चारही संघ म्हणायचे, आबांना विचारा, आबा खोटं बोलत नाहीत.

चिठ्ठी काढली. पहिली पाळी आमच्याच मिलची निघाली. विलास माईकपाशी गेला. माईक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "हिरामण."

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आणि समोर बसलेल्या गड्यांतून कोणीच उठलं नाही.

मॅनेजरने पुकारलं, "हिरामण! हजर आहे का?"

दुसऱ्यांदा पुकारलं. बायकांच्या घोळक्यातून सुनंदा उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "आहेत! कामावर आहेत! तुमच्याच मिलमध्ये आहेत!"

लोक हसले. मॅनेजरही हसला. म्हणाला, "बरोबर. सकाळीच बोलावून घेतलं त्याला. ह्या स्पर्धेच्या टी-शर्टचं कापड आहे. अर्जंट. त्याच्याइतका सारखा रंग दुसऱ्या कोणाला येत नाही."

विलासने फोन लावला. आत जाताना सगळ्यांचे फोन गेटवर जमा होतात. गेटवर ते जमा करून घेणारा माणूस इथे माईक धरून उभा होता.

"मी थांबतो," विलास म्हणाला. "गाडी पाठवा. अर्ध्या तासात येईल."

दुसऱ्या मिलचा माणूस ओरडला, "वारो जाय छे! पाळी चालली! आम्ही काय दिवसभर बसायचं?"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "आबा, नियम काय आहे?"

नियम असा आहे की जो गडी समोर नाही, त्याला घेता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका संघाने घेतलेला गडी गावाला निघून गेला होता, तेव्हा केलेला नियम. चौघांनी मान्य केलेला. मीच वाचून दाखवलेला. विलास माझ्याकडे बघत होता. सुनंदा बघत होती. हिरामण वाटेत आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नियम विसरलो म्हटलं असतं, तरी माझ्या वयाकडे बघून सोडलं असतं.

मी नियम सांगितला.

विलासने चढाईवाला घेतला. नाव नीट ऐकू आलं नाही, त्याने माईक आधीच खाली धरला होता. सुनंदा पदर खोचून घराकडे चालू लागली. नंतरच्या कोणत्याही पाळीत हिरामणला घेता आलं नाही, कारण तो समोर नव्हताच.

संध्याकाळी मंडप सोडत होते. मी खुर्चीवरून उठलो नव्हतो. हिरामण शिफ्ट संपवून परस्पर मैदानावर आला. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. माझ्याजवळ मॅटवर बसला.

"आबा, उशीर झाला. मला घेतलं का कोणी?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"असू द्या. आमच्या मिलने पहिलं कोणाला घेतलं?"

मी म्हणालो, "तुला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. मोडक्या बोटांच्या हाताने माझा गुडघा थोपटला.

"आबा, ह्या वयात तुम्हीबी थट्टा करायला लागले!"

आणि हसत हसतच घरी निघाला, सुनंदाला सांगायला.